सरपंच बसले ते बसलेच

अहो काकू, आलात का पुण्याहून? कुलूप नंतर उघडा, आधी इकडे कुंपणाशी या. तुम्ही लेकीकडे गेलात आणि इथे केवढं रामायण झालं! टीचरच्या सरपंचाचे पाय गेले होते.

बघा, तुम्हीसुद्धा दचकलात. सगळ्यांचं हेच झालं. ग्रामपंचायतीचे सरपंच ठणठणीत आहेत हो. पण मासळीवाली बाजारात बोलली, "सरपंच सकाळपासून बसलेत, उठतच नाहीत," आणि दुपारी दोघं जण शहाळी घेऊन खऱ्या सरपंचांच्या दारात हजर. त्यांच्या बायकोने शहाळी ठेवून घेतली, काही विचारलं नाही. हुशार बाई. मी सांगतेय ते टीचरच्या टर्कीचं.

आठवतंय ना, नाताळसाठी आणला होता तो? टीचरच्या मिस्टरांनी सुरीला धारसुद्धा लावून आणली होती. पण नातवाने तोवर त्याचं बारसं करून टाकलेलं. छाती पुढे, शेपटीचा पंखा उघडलेला, आल्यागेल्याला हटकायचं, म्हणून सरपंच. मग काय, पोरगा जेवेना. त्या नाताळात टीचरकडे डुकराचं इंदियाल झालं आणि हे महाशय अंगणात राहिले. तेव्हा होता एवढासा. पुढे वाढला, वाढला, वाढतच गेला. पांढराशुभ्र, रुंद छातीचा. पहाटेची पहिली एसटी वळणावर आली की ओरडायचा, गल्लीला घड्याळ लागत नव्हतं.

तर त्या दिवशी एसटी गेली आणि हा गप्प. टीचर दार उघडून बघतात तर चिकूखाली पाय पुढे टाकून बसलेला. उठायला गेला की डावा पाय घसरतो, पंख आपटतो, पुन्हा बसतो. आपण ज्याला त्याचा गुडघा म्हणतो ना, मागे दुमडणारा सांधा, त्यावर सगळा भार. तो गुडघा नसतोच म्हणे. तो त्याचा घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला. मला हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं, नाहीतर मी आपली गुडघा गुडघा म्हणून सगळीकडे सांगत सुटले होते.

अर्ध्या तासात अख्खी गल्ली जमली. तुमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, नजर लागली, मीठमोहऱ्या ओवाळा. केळीवाले म्हणाले, लकवा आहे, लसणीचं तेल चोळा. कोपऱ्यावरची वहिनी म्हणाली, कॅल्शियम कमी झालंय, समुद्रावरून शिंपल्या आणून कुटून घाला. एक जण तर म्हणाला, आता पुढच्या नाताळपर्यंत कशाला थांबता? नातवाने त्याच्याकडे असं बघितलं की तो अजून त्या बाजूने जात नाही.

आणि मग दूधवाल्याने मोठा बॉम्ब टाकला. बर्ड फ्लू! झालं. पाच मिनिटांत अंगण रिकामं. मास्तर तेवढे उभे राहिले आणि नवापूर सांगत बसले. २००६ साली आपल्या देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. तिथे लाखोंनी कोंबड्या माराव्या लागल्या होत्या, आठवतं ना? मुंबईत अंडी कोणी हातात धरत नव्हतं. पण मास्तरांचं म्हणणं खरं निघालं. असा रोग आला की पक्षी पटापट मरतात, तुरे-डोकी सुजतात, निळी पडतात, एकच पक्षी पाय धरून बसून राहत नाही. अनेक पक्षी एकदम मरायला लागले तर मात्र हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. इथे तर सरपंच बसल्या जागी टीचरच्या हातची पालकाची पानं ओढून खात होता. डोळे लख्ख. डोकं कधी लाल, कधी निळं, नेहमीसारखं.

खरी गंमत पुढे आहे. टीचरचे मिस्टर आतून त्यांची कंबरेची ट्यूब घेऊन आले. चांगला हातभर मलम पिळणार, तेवढ्यात पाटलांचा मुलगा, तो नाही का शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकतो, सुट्टीला आला होता, तो धावत आला आणि ट्यूब हिसकावूनच घेतली. म्हणाला, काका, यात डायक्लोफेनॅक आहे. गिधाडं कशाने संपली माहीत आहे का? गुरांना हे औषध द्यायचे, गुरं मेली की गिधाडं ती खायची, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आत सगळीकडे युरिक आम्लाचा पांढरा थर. शेवटी २००६ मध्ये सरकारने ते जनावरांसाठी बंद केलं. टर्की काही गिधाड नव्हे, पण म्हणून माणसाची दुखण्याची ट्यूब पक्ष्याला चोळून बघायची नाही. तो चोचीने पिसं साफ करतो, म्हणजे औषध पोटातच जाणार. त्याच्यासाठी दुखणं कमी करायचं औषध असतं, पण ते डॉक्टर वजन करून देतात. मिस्टरांनी ट्यूब निमूट खिशात घातली. रात्री स्वतःच्या कंबरेला लावली असेल.

त्यानेच १९६२ ला फोन लावला. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे तो, फुकट लागतो. लिहून ठेवा, तुमच्या मांजरीसाठी नाही तरी शेजारच्या म्हशीसाठी लागेल.

डॉक्टर आले. मला वाटलं, आल्या आल्या सुई टोचतील. छे! आधी लांब उभे राहून नुसते बघत राहिले. मान सरळ आहे का, श्वासाला घरघर आहे का, विष्ठा कशी आहे. मान वाकडी, विष्ठा पातळ हिरवी आणि पाय लुळे असले तर राणीखेत. विष्ठा गंधकासारखी पिवळी असली तर वेगळाच रोग, यकृताचा. तो कोंबड्यांकडून येतो. कोंबड्यांच्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून तो जंतू मातीत पसरतो, गांडुळांतही टिकून राहतो. कोंबडीला फारसं काही होत नाही, टर्की मात्र त्याने मरतो. टीचरच्या कोंबड्या त्याच अंगणात चरायच्या. डॉक्टरांनी त्याच दिवशी मध्ये जाळी मारून घ्यायला सांगितली.

मग त्यांनी दोन्ही पाय हातात घेऊन शेजारी शेजारी चाचपले. कुठला जास्त गरम, कुठला सुजलेला, मागची शीर जागेवर आहे की सरकलेली, बोटं आत वळलेली आहेत का. आणि तळवा उलटा केला. काकू, डाव्या तळव्याला मधोमध काळी खपली! भोवती टच्च सूज. एवढे जण सकाळपासून तेल आणि नजर करत होतो, तळवा कोणी बघितलाच नव्हता.

पण मला आवडलं ते पुढचं. डॉक्टरांनी विचारलं, हा अचानक बसला म्हणता, पण लंगडत कधीपासून होता? टीचर म्हणाल्या, नाही हो, काल संध्याकाळपर्यंत छान होता. आणि मग आपली गल्ली बोलायला लागली! भाजीवाली म्हणाली, अगं बाई, मागच्या आठवड्यापासून मी बघतेय, माझ्या टोपलीमागे धावायचा तो धावत नाही. दूधवाला म्हणाला, सकाळी एका पायावर उभा असतो, मला वाटलं झोपेत आहे. मीही सांगून टाकलं, रात्री तो पाण्याच्या टाकीवर चढून बसतो आणि पहाटे वरून धप्पकन खाली कोब्यावर उडी मारतो, माझी झोपमोड होते. डॉक्टर लिहून घेत होते. म्हणाले, पक्षी दुखणं लपवतो. रानात लंगडा दिसला की शिकारी त्यालाच धरणार, म्हणून अगदी उभं राहवेना तोवर दाखवत नाही. मालकाला वाटतं एका रात्रीत झालं. म्हणे, कुंपणावरून बघणारे शेजारी असले की माझं अर्धं काम होतं. तेव्हा मला कोणी चोंबडी म्हटलं तर सांगा, डॉक्टरांनी माझी साक्ष लिहून घेतलीय.

मग खाण्याची उलटतपासणी. काय खातो? टीचर म्हणाल्या, कोंबडीखाद्य, पाला. आणि? नातू म्हणाला, पाव. बेकरीवाला संध्याकाळी उरलेले पाव टाकतो. शाळेतली मुलं वेफर टाकतात. आजी भात टाकतात. नंतर वजन केलं. मासळीवालीचा ताणकाटा आणला, सरपंचाला गोणपाटात गुंडाळून टांगलं, तर १५ किलो! आपल्याकडच्या टर्कीचा नर वीस आठवड्यांचा होतो तेव्हा सात-आठ किलोचा असतो म्हणे.

नाही, नाही, नुसता पावाचा दोष नाही. ही जातच तशी. रुंद छातीची पांढरी जात, छातीचं मांस जास्त मिळावं म्हणून अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेली. छाती वाढली, वजन वाढलं, पायांची हाडं मात्र त्या हिशेबाने वाढली नाहीत. चार-पाच महिन्यांत कापायचा पक्षी, त्याचे पाय पुढे टिकतील की नाही याचा विचार कोणी करायचा? आणि अजून एक, इकडे या जरा, मोठ्याने नको. डॉक्टरांनी हे मिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, पण माझी खिडकी उघडी होती. या जातीच्या नरांना छातीमुळे मादीशी जमतच नाही. सगळी पिल्लं कृत्रिम रेतनाने! हसताय काय, खरंच सांगतेय. म्हणून त्याला जोडीला टर्कीण आणायची टीचरची कल्पना बारगळली. तसंही त्याच्या वजनाने तिची पाठ फाटली असती.

नातवाने तर कुठून कुठून माहिती काढली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी टर्कीला माफी देतात ना, थोरल्या बुशसाहेबांनी १९८९ पासून ती रीतच पाडली. फोटोबिटो निघतात. पण ते माफ झालेले पक्षीही याच जातीचे, त्यातले बरेचसे वर्ष-दोन वर्षांतच गेले. सुरी टळली तरी वजन आहेच. पोरगं हे वाचून दोन दिवस गप्प होतं.

आपल्याकडे लहान जातीही मिळतात. अमेरिकेच्या शेतीखात्याने बेल्ट्सविलला एक छोटी पांढरी जात तयार केली होती, आणि तमिळनाडूत तिचा देशी काळ्या टर्कीशी संकर करून नंदनम टर्की काढली. तिच्या पायांना एवढा भार नाही. हौसेने पाळायचा तर असला पाळावा. मास्तरांना विचाराल तर ते जहांगीर बादशहापासून सुरू करतील. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून पोर्तुगीजांकडून टर्की नेऊन त्याला दाखवला आणि बादशहाने मन्सूर नावाच्या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं. लंडनच्या संग्रहालयात आहे म्हणे. मास्तरांनी चित्र दाखवलं मला मोबाईलवर. त्या टर्कीचे पाय छान सडपातळ, अंगही बेताचं.

हो, हो, पायाचंच सांगते. डॉक्टरांना शंका होती की उडीने हाडाला चीर गेली असेल. म्हणून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात एक्स-रे. टेम्पो केला. घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये सरपंच एकदम ओरडला, शेजारच्या गाडीतल्या बाईच्या हातातला फोनच पडला. हाड शाबूत निघालं. सांधा मुरगळलेला, आणि तळव्यात घाण जाऊन झालेलं गळू. कोब्यावर उड्या, ओली जमीन, त्यात १५ किलो. बारीक जखम होते, तिथून जंतू शिरतात. पक्ष्याचा पू वाहून जात नाही, आत घट्ट गोळा होऊन बसतो, म्हणून नुसतं मलम लावून जात नाही. डॉक्टरांनी ती खपली मऊ करून काढली, आत साफ केलं, औषध दिलं. घरी ब्लेड घेऊन खपली काढायला बसायचं नाही, असं मिस्टरांकडे बघून दोनदा सांगितलं. त्यांनी माणूस ओळखला होता.

शिंपल्यांचं? तेही विचारलं वहिनीने. कॅल्शियम अंडी देणाऱ्या मादीला हवं. नराला उगाच भरमसाट घातलं तर मूत्रपिंडं बिघडतात. पिल्लांचं वेगळं. टर्कीच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त प्रथिनं लागतात, नायसिन नावाचं जीवनसत्त्वही जास्त लागतं, ते कमी पडलं की घोटे सुजतात, पाय वाकतात. म्हणून पिल्लू आणून त्याला भात-पावावर वाढवलं तर पाय वाकडे होणारच. आणि पिल्लाखाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरायचं नाही, पाय फाकतात. हे मी माझ्या भाचीला कळवलं, ती पालघरला दोन पिल्लं आणणार आहे.

मग टीचरची ड्युटी सुरू झाली. त्यांना बघून मला दया यायची. मागच्या पडवीत लहानसं कुंपण केलं, फार चालू नये म्हणून. खाली रबरी चटई, वर भाताच्या तुसाचा जाड थर, ओला झाला की लगेच बदलायचा. बसून बसून छातीच्या हाडावर फोड येतात, म्हणून रोज पिसं बाजूला करून छाती बघायची. मागची बाजू कोमट पाण्याने पुसायची, नाहीतर माश्या बसून किडे पडतात. पाणी आणि खाणं मान वळवली की मिळेल अशा उंचीवर. तळवा मिठाच्या कोमट पाण्यात बुडवायचा, कोरडा करायचा आणि स्पंजची मधोमध भोक पाडलेली चकती लावून पट्टी बांधायची, म्हणजे जखमेवर भार येत नाही. पट्टी फार आवळली तर बोटं थंड पडतात, ती चाचपून बघायची.

आणि झोळी! ती टीचरच्या मिस्टरांनी केली, त्यांनाही काहीतरी करायचं होतं ना. जुन्या सतरंजीला पायांसाठी दोन भोकं पाडली, बाकाच्या दोन्ही कडांना बांधली आणि सरपंचाला त्यात ठेवला. पाय जमिनीला जेमतेम टेकतील असे. थोडा वेळच, दिवसातून काही वेळा. म्हणजे पायात जोर राहतो. पण छाती आवळली जाता कामा नये. पक्ष्याला आपल्यासारखा पोटाचा पडदा नसतो, श्वास घेताना छातीचं हाडच पुढे-मागे होतं, ते दाबलं की गुदमरतो. उचलतानाही तसंच, खालून हात घालायचा, पंख मिटलेले, पाय धरून उलटा लटकवायचा नाही. पहिल्या दिवशी झोळीत बसून त्याने असा काही चेहरा केला की नातू आणि मी हसून हसून बेजार.

एकटा ठेवला की खायचं बंद करायचा. कळपातला पक्षी तो. मग जाळीच्या पलीकडे कोंबड्या दिसतील अशा जागी हलवला, आणि दुपारी मी आपली विणकाम घेऊन तिथे बसायचे. माझ्याशी बोलायचा. काय बोलायचा ते विचारू नका, पण तुमच्या जाऊबाईंपेक्षा बरं बोलायचा.

आता? आता उठतो. अंगणभर चालतो, डावा पाय जरा जपून टाकतो. ते राहणारच, डॉक्टर म्हणाले. टाकीकडची वाट बंद केलीय, त्याला झोपायला हातभर उंचीचा रुंद ओंडका दिलाय, चढायला फळी लावलीय. पाव बंद. मापून खाद्य, बाकी कोबीची पानं, लसूणघास, शेवग्याचा पाला. उपाशी नाही ठेवायचं, हळूहळू उतरवायचं. किलोभर उतरलाय. आयुष्य किती, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. या अंगाचा पक्षी फार वर्षं काढत नाही, कधी हृदयाने जातो, कधी पायांनी. बरा झाला म्हणजे हलका झाला असं नाही. टीचर म्हणाल्या, ठीक आहे, जेवढा आहे तेवढा दुखल्याशिवाय चालू दे.

बेकरीवाल्याला बजावलंय. शाळेतल्या मुलांसाठी नातवाने फाटकावर पाटी लावलीय. राहिलं कोण, काकू? तुम्ही! बघू नका असं. रोज संध्याकाळी कुंपणावरून बटरचा चुरा कोण टाकत होतं, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं नाही. पण ती पुण्याहून आणलेली श्रुजबेरीची पिशवी तुम्ही आत्ता त्या बाजूला धरलीय ती मला दिसतेय. ती इकडे द्या. मी चहा टाकते, आपण दोघी खाऊ. त्याला कोबीचं पान घाला.